एका खोलीचे चोवीस तास : लालबागच्या चाळीची नोंदवही

१८ जानेवारी २०२४, गुरुवार

चाळ रिकामी होण्यापूर्वी तिची लेखी नोंद करून ठेवावी, असा ठराव काल रात्री भाडेकरूंच्या बैठकीत झाला आणि हे काम चौघांवर सोपवण्यात आले. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त आरेखक, तळमजल्यावरची वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, माझा चुलतभाऊ आणि मी. इमारत १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या यादीतील ‘अ’ वर्गातली आहे. पुनर्विकासाच्या संमतीपत्रांवर पुरेशा सह्या झाल्या असल्यामुळे आमच्या हाती साधारण वर्षभराचा अवधी आहे, असे सगळेच धरून चालले आहेत.

कामाचा आराखडा सोपा ठरला : खोल्यांची मोजमापे, प्रत्येक मजल्याचा नकाशा, जुन्या रहिवाशांच्या मुलाखती आणि सापडतील ती कागदपत्रे. नोंदवहीची सुरुवात आजच्या तारखेने व्हावी, हा आग्रह माझा होता. १९८२ साली याच दिवशी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही, त्यामुळे कागदोपत्री पाहू गेल्यास माझे वडील अजूनही संपावरच आहेत, असे आमच्या घरात गमतीने म्हटले जाई. ते साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात, होते.

२७ जानेवारी २०२४, शनिवार

मोजमापे झाली. खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट खोल. दारातून आत शिरताच उजव्या हाताला मोरी, तिच्यावर फळी टाकून केलेला पोटमाळा, समोरच्या भिंतीला एक खिडकी. बाहेरची गॅलरी सव्वाचार फूट रुंद असून तिच्या टोकाला संपूर्ण मजल्याचे संडास आहेत. लाकडी कठड्याची वरची पट्टी हातांच्या घासण्याने मध्यभागी इतकी झिजली आहे की आरेखकांनी तिचा छेद वेगळा काढून ठेवला. पट्टी टोकाशी आहे त्याहून मधे पाऊण इंचाने बारीक भरली.

एका खोलीत भिंतीवर, छातीच्या उंचीला, एका ओळीत अकरा लाकडी खुंट्या सापडल्या. आठ-नऊ वेळा दिलेल्या रंगाच्या थरांमुळे त्या भिंतीतूनच उगवल्यासारख्या दिसतात. सध्या तिथे राहणाऱ्या कुटुंबाने त्यांतल्या दोनच वापरात ठेवल्या आहेत, एक देवाच्या पिशवीसाठी आणि एक छत्रीसाठी. बाकीच्या नऊ कशासाठी, हा प्रश्न मुलाखतींच्या यादीत पहिला लिहिला.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

खुंट्यांचे उत्तर मिळाले. ती खोली राजापूरकडच्या एका गावाच्या मंडळाची होती. मुंबईत कामाला आलेल्या गावच्या माणसाने तिथे उतरायचे, महिन्याची वर्गणी द्यायची, खुंटीवर सदरा आणि खुंटीखाली ट्रंक ठेवायची, हा रिवाज. खुंटी मिळाली म्हणजे जागा मिळाली. तिथे राहिलेले एक काका आता ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांनी सांगितले की खुंट्या अकरा असल्या तरी माणसे अठरा-वीस असत, कारण एका खुंटीवर दोघांचे कपडे असत आणि ते दोघे एका वेळी खोलीत नसत. पहिली पाळी सकाळी ७ ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते मध्यरात्री १२, तिसरी १२ ते सकाळी ७. “वळकटी एकच, माणसं दोन,” असे ते म्हणाले आणि पुढे जरा रागाने, “ऊब पण आयतीच मिळायची, हसू नका.”

या एका वाक्याने आमच्या आराखड्याची पंचाईत केली आहे. आरेखकांचा नकाशा अचूक आहे, त्यात इंचाचीही चूक नाही. पण एकशेवीस चौरस फुटांत वीस माणसे कशी मावत, याचे उत्तर त्यात कुठेच नाही, कारण ती माणसे जागेत नव्हे, तर वेळेत मावत होती. नकाशाबरोबर खोलीचे वेळापत्रकही काढावे, असे मी सुचवले. चोवीस तासांचा एक लांब कागद घ्यायचा आणि कोणत्या प्रहरी खोलीत कोण असे, ते भरत जायचे. मुलीला कल्पना आवडली. आरेखकांना फारशी आवडली नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. पुनर्विकासात घर कोणाला मिळणार, त्या पात्रता यादीचे काम सुरू असल्यामुळे ‘आमच्या खोलीत इतकी माणसे राहत होती’ असे सांगायला लोक कचरतात. उद्या कोणी पोटभाडेकरूचा हक्क सांगत आले तर काय, ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. म्हणून नियम केला : मुलाखतीत खोली क्रमांक लिहायचा नाही, आडनाव लिहायचे नाही आणि ज्याची त्याची मुलाखत त्यालाच वाचून दाखवल्याशिवाय वहीत चढवायची नाही.

३ मार्च २०२४, रविवार

आज चाळीच्या बाहेर पडून परिसराची फेरी केली. लालबागपासून डॉ. आंबेडकर रस्त्याने परळपर्यंत, तिथून आचार्य दोंदे मार्गाने हाफकिन संस्थेपर्यंत आणि परत. याच रस्त्यावरून ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आता डोक्यावर २०११ मध्ये खुला झालेला उड्डाणपूल आहे आणि त्याच्याखालून चालताना भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखे वाटते.

हाफकिन संस्थेची मुख्य वास्तू हे मुंबईच्या गव्हर्नरांचे जुने निवासस्थान. परळ तेव्हा शहराबाहेरचे, हवेशीर, बागांचे ठिकाण होते. पुढे गिरण्यांची धुराडी जवळ सरकत आली, गव्हर्नरांनी मलबार हिलचा रस्ता धरला आणि १८९६ च्या प्लेगनंतर, १८९९ मध्ये, डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा या वाड्यात आली. त्याच प्लेगमुळे १८९८ मध्ये सुधार न्यास (सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाला आणि कामगारांच्या घरांचा प्रश्न सरकारदरबारी प्रथम गांभीर्याने मांडला गेला. गव्हर्नरांचा वाडा, लशीची प्रयोगशाळा आणि कामगारांच्या चाळी अर्ध्या तासाच्या पायी अंतरात पाहायला मिळतात, ही या भागाची मौज आहे. वाटेत बारादेवीच्या देवळाजवळही थांबलो. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात इथे सापडलेली महादेवाची भव्य शिल्पशिळा पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. परळचा इतिहास गिरण्यांपासून सुरू करण्याची आम्हाला सवय झाली आहे. ही शिळा त्या सवयीला मुकाट्याने जागा दाखवून देते.

वेळापत्रकाच्या दृष्टीने मात्र आजची खरी कमाई वेगळीच आहे. आम्ही तीन पाळ्यांचा तक्ता ‘गिरण्या सुरू झाल्यापासून’ म्हणून काढला होता, तो चुकीचा ठरला. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली आणि १८५६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून कित्येक दशके काम सूर्यप्रकाशाच्या हिशेबाने चाले. आठवड्याची सुट्टीसुद्धा आपोआप मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालवलेल्या चळवळीनंतर १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. विजेचे दिवे आल्यावर दिवस आणखी लांबला. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतला दिवस १२ तासांवर आणला, १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १० आणि १९४६ मध्ये ९ तास झाले. काकांच्या आठवणीतल्या तीन पाळ्या या शेवटच्या टप्प्यातल्या आहेत. म्हणजे एका वळकटीवर दोन माणसे झोपत ती अनादी काळापासून नव्हे. कामाचे तास कमी झाले आणि यंत्रे मात्र चोवीस तास चालू ठेवायची ठरली, तेव्हापासून. कामगाराला मिळालेली विश्रांती आणि त्याच्या अंथरुणातली वाटणी एकाच कारणातून निघाली, हे मला आजवर कधी सुचले नव्हते.

१० मार्च २०२४, रविवार

वेळेचाच धागा पुढे नेताना एक विलक्षण प्रकरण हाती आले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा सुमारे ३९ मिनिटे मागे होती. गिरण्यांचे घड्याळ पुढे सरकले, म्हणजे कामगाराने तितके आधी, अंधारात, घराबाहेर पडायचे. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी याविरुद्ध निदर्शने केली. महापालिकेनेही ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही आणि १९५५ पर्यंत ती पाळली. त्यामुळे जवळपास पन्नास वर्षे या शहरात ‘किती वाजले?’ या प्रश्नाची दोन खरी उत्तरे होती.

चाळीत घड्याळे नव्हती, भोंगे होते. ज्येष्ठांपैकी चौघांना आम्ही वेगवेगळे बसवून भोंगे आठवायला सांगितले. चौघांनीही, एकमेकांचे ऐकलेले नसताना, आपल्या गिरणीचा भोंगा इतरांपेक्षा वेगळा ओळखू येत असे, हे सांगितले. एकाने तो तोंडाने काढूनही दाखवला आणि आतल्या खोलीतून त्याची नातवंडे धावत आली.

१७ मार्च २०२४, रविवार

तोंडाने काढलेल्या भोंग्याचे ध्वनिमुद्रण गेले. चुलतभावाच्या मोबाईलमधली जागा भरली, त्याने लग्नाच्या चित्रफिती वाचवल्या आणि आमच्या पाच मुलाखती पुसल्या. यापुढे प्रत्येक मुलाखत त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवून ठेवायची. भोंगा काढून दाखवणाऱ्या काकांना पुन्हा तो काढण्याची विनंती केली; त्यांनी नकार दिला. “एकदा आला तो आला,” एवढेच म्हणाले.

१४ एप्रिल २०२४, रविवार

आज जयंती. पोयबावडीच्या सुधार न्यास चाळीपर्यंत गेलो. प्लेगनंतरच्या त्याच न्यासाने बांधलेल्या या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दादरच्या ‘राजगृहा’त जाईपर्यंत सुमारे दोन दशके राहत होते. सकाळपासून दारात गर्दी होती, म्हणून आत न जाता समोरच्या पदपथावर उभे राहून खिडक्यांचा आराखडा काढला.

परत आल्यावर मुलीने विचारलेला प्रश्न टाळणे बरे नव्हे. आपल्या चाळीत कोणत्या जातींचे लोक राहत होते आणि कोणते नव्हते, हे तक्त्यात का नाही? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी मोठ्याने देत नाही. चाळी गावांप्रमाणे वसल्या आणि गावे जातींप्रमाणे वसलेली होती. गिरणीतही तेच. साचेखात्यात पगार अधिक, पण धोट्यातून (मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातून) सूत ओढून घेण्यासाठी विणकर तो तोंडाला लावत, आणि या उष्ट्याचे निमित्त करून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियनच्या नेतृत्वाखाली सहा महिने चाललेल्या संपाच्या वेळी, ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत आली पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला होता.

माझे वडील साचेवाले होते, हे मी या वहीच्या पहिल्याच पानावर जरा अभिमानाने लिहिले आहे. ते खाते कोणासाठी उघडे होते आणि कोणासाठी बंद, याचा विचार तेव्हा मनात आला नव्हता. पहिले पान बदलणार नाही, तिथे फक्त आजच्या नोंदीकडे बोट दाखवणारी खूण केली.

५ मे २०२४, रविवार

मसाल्याचा हंगाम जोरात असल्यामुळे गेल्या दोन रविवारी मुलाखतीला कोणी बसेना. शेवटी आम्हीच लोकांबरोबर मसाला गल्लीत गेलो. बेडगी, संकेश्वरी आणि लवंगी मिरच्यांचे ढीग, धणे, दगडफूल, नागकेशर; हाताने मिरची मोडून आवाज ऐकायचा आणि मग भाव करायचा. भाजून घेतलेला माल डंकाकडे जातो. तिथे लोखंडी मुसळे एकापाठोपाठ एक पडत असतात, बाया तोंडाला पदर लावून आपापल्या मिरचीवर नजर ठेवून बसतात आणि ठसक्याने डोळ्यांतून पाणी काढत बोलत राहतात. आमच्या सर्वांत मोकळ्या मुलाखती या डंकासमोर झाल्या. ध्वनिमुद्रणात मात्र ठणठण आणि खोकला यांखेरीज फारसे काही ऐकू येत नाही, म्हणून रात्री आठवून लिहिले.

तिथेच तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांच्या सासूची खानावळ होती आणि नंतर ती त्यांनी चालवली. संध्याकाळी त्यांना आमचा तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो वाचला आणि विचारले, “अरे बाबा, रात्रपाळीचा माणूस दिवसा खोलीत झोपलेला दाखवलास, तर मी चूल कुठं पेटवली?”

आम्ही गप्प बसलो. तक्त्यात पाळीनुसार तीन रंग होते आणि तिन्ही रंग पुरुषांचे होते. मग आजींनीच सांगायला सुरुवात केली. पहाटे पाण्याची वेळ, त्याच्याआधी उठायचे. पहिल्या पाळीवाल्यांची भाकरी साडेसहाच्या आत. ते गेले की तिसऱ्या पाळीवाले भुकेले येत. ते जेवून गॅलरीत, नाहीतर समोरच्या देवळाच्या ओट्यावर आडवे होत, कारण खोलीत चुलीचा धूर असे. दुपारी दुसऱ्या पाळीची पंगत, साडेतीननंतर पहिली पाळी परत, रात्री जेवण झाकून ठेवायचे ते बाराला येणाऱ्यांसाठी. “तुमच्या कागदावर रात्री साडेबारा ते साडेतीन एवढीच जागा मोकळी आहे बघ, ती माझी.”

आणखी एक गोष्ट त्यांच्या बोलण्यातून निघाली आणि ती पडताळून पाहिल्यावर पटली. त्यांच्या सासूबाई मुळात गिरणीत कामाला होत्या. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढे हे प्रमाण घसरतच गेले. रात्रपाळीत स्त्रियांना कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई होती, त्यामुळे पाळ्या फिरत्या ठेवू पाहणाऱ्या मालकांना पुरुष सोयीचे वाटत. ज्या बायका गिरणीतून बाहेर पडल्या, त्यांतल्या कितीएक घरात बसून त्याच गिरणीच्या पुरुषांना जेवू घालू लागल्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळण्याची वाट झाली. आजी त्या मंडळात नव्हत्या. विचारल्यावर म्हणाल्या की सभेला जायला वेळ कुठून आणणार, तुझ्या कागदात तरी सापडतोय का बघ.

तक्त्यात चौथा रंग घेतला. तो कागदाच्या जवळजवळ सगळ्या लांबीवर आहे.

२ जून २०२४, रविवार

आजींनी खानावळीची वही दाखवली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे असते तशी. प्रत्येक पानावर एका माणसाचे पहिले नाव आणि गाव, खाली महिन्याचे खाते. पैसे मिळाले की आडवी रेघ. १९८१ च्या पानांवर रेघा नियमित आहेत. फेब्रुवारी १९८२ पासून रेघा थांबतात, पण जेवणाचे आकडे थांबत नाहीत. ते एप्रिलपर्यंत चालू राहतात आणि मग एकेक पान बंद होते. बंद झालेल्या पानावर आजींनी दोनच शब्द लिहिले आहेत : ‘गावी गेला.’ अशी सोळा पाने मी मोजली. त्यांतल्या तीन पानांवर नंतरच्या वेगळ्या शाईत रेघ आहे. एकाने चार वर्षांनी येऊन पैसे दिले, दुसऱ्याच्या मुलाने दिले, तिसऱ्याने तांदूळ आणून दिले.

संपाचा इतिहास सांगताना बंद पडलेल्या गिरण्या, युनियनमधले तंटे, मालकांचे हिशेब आणि जमिनीचे भाव यांची चर्चा पुष्कळ होते आणि ती व्हायलाच हवी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी कशी ठरवली आणि २००१ च्या दुरुस्तीने ती कशी पालटली, हे समजल्याशिवाय आमच्या खिडकीतून दिसणारे मनोरे समजत नाहीत. पण या संपाला पहिले काही महिने उधारीवर कोणी पोसले, हे त्या चर्चेत क्वचितच येते. माझ्या मते ही लाल वही संपाच्या कागदपत्रांतच गणली जायला हवी. आजींनी ती देण्यास नकार दिला, छायाचित्रे काढू दिली; नावे झाकून ठेवण्याच्या अटीवर. अट योग्यच आहे. अजून तेरा पाने उघडी आहेत.

१७ जुलै २०२४, बुधवार

आषाढी. रात्रीच्या पावसात जिन्याखालची कपाटे भिजली. उत्सव मंडळाच्या जुन्या पावतीपुस्तकांचे दोन गठ्ठे ओले झाले; पाने सुटी करून गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्यांवर चिमटे लावून वाळत घातली आहेत. खालून पाहणाऱ्याला वाटेल, चाळीने कागद धुवायला काढले. भजनाला आलेली मंडळी दोरीवरच्या पावत्या वाचत उभी राहिली आणि आपापल्या वडिलांची नावे शोधू लागली, त्यामुळे भजन पाऊण तास उशिरा सुरू झाले.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

वाळलेल्या पावत्यांची यादी पूर्ण. आमचे मंडळ लहान, चाळीपुरते. पण शेजारच्या मोठ्या उत्सवांची कुळकथा याच घडणीची आहे. चिंचपोकळीचा उत्सव १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा आणि लालबागच्या बाजारातला १९३४ चा. या शेवटच्याची हकिगत आता सर्वांना पाठ आहे : पेरू चाळीतला उघड्यावरचा बाजार १९३२ मध्ये बंद पडला, कोळी आणि इतर विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, जागा मिळाली आणि गणपती बसला. मूर्तीची उंची आणि रांगेची लांबी यांपलीकडे फारसे न बोलणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की या प्रसिद्ध उत्सवाच्या मुळाशी बाजारात बसायला हक्काची जागा मिळावी, ही मागणी आहे.

आमच्या पावत्यांतही वेळापत्रक निघाले. दहा दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक मोठा कार्यक्रम दोनदा लावलेला दिसतो : जाखडी रात्री साडेनऊला आणि पुन्हा रविवारी दुपारी, भजनाची डबलबारी तशीच, कामगार रंगभूमीवरचे नाटक तसेच. कारण विचारले तेव्हा जुने चिटणीस म्हणाले की दुसऱ्या पाळीवाल्यांनीही वर्गणी भरलेली असे. एकदाच कार्यक्रम ठेवला असता तर पुढच्या वर्षी त्यांनी हात आखडता घेतला असता. नाटकाची तालीम तर रात्री बारानंतरच होई आणि मुख्य भूमिका करणारा पाळी बदलून घ्यायला बदली कामगार शोधत फिरे. परळचे दामोदर नाट्यगृह, सामाजिक सेवा संघाने १९२२ मध्ये उभारलेले आणि शंभरी पार करून पुनर्विकासासाठी बंद झालेले, याच तालमींचे शेवटचे ठिकाण. आमच्या चाळीतले तीन प्रयोग तिथे झाले होते. तिन्हींच्या वेळी पडदा ओढणारा माणूस एकच होता. तो हयात आहे, पण बोलायला तयार नाही. म्हणतो, मी नाटक कधी समोरून पाहिलेच नाही, मला काय विचारता.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

तक्ता तयार होत आला. शेवटच्या पट्टीवर आजच्या चाळीचा दिवस काढायचे ठरवले आणि त्यासाठी आठवडाभर गॅलरीत बसून नोंदी केल्या. आज बाहेर पडणाऱ्यांची झुंबड सकाळी साडेसात ते साडेनऊ या एकाच वेळी होते. चाळीतले लोक कामासाठी अंधेरी, ठाणे, वाशीकडे जातात आणि त्याच वेळी गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत हजारो माणसे बाहेरून येतात.

सात वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला, २०१७ मध्ये, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर सकाळी पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण मृत्युमुखी पडले. स्थानकाचे नाव पुढच्या वर्षी प्रभादेवी झाले. पूल अरुंद होता, हे सर्वांनी लिहिले, आणि ते खरेच आहे. तक्ता समोर ठेवून पाहताना मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की या भागातले पूल आणि जिने ज्या काळात पुरत होते, त्या काळात माणसे दिवसातून तीनदा, टप्प्याटप्प्याने आणि बहुतांशी पायीच गिरणीच्या दारात पोचत असत. गिरण्यांची जमीन कोणाला किती मिळावी याचे गणित झाले. गिरणीच्या जागी कचेरी आली की सगळी माणसे एकाच घटकेला येणार, याचा हिशेब मात्र कोणाच्या तक्त्यात असल्याचे दिसत नाही.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

चौदा फूट लांबीचा तक्ता पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, भिंतीला टाचून लावला. त्याच्या वर आरेखकांचा खोलीचा नकाशा आहे. दोन्ही एकाखाली एक लावण्याची सूचना त्यांचीच. फेब्रुवारीतली नापसंती त्यांनी कधी मागे घेतली, ते त्यांनाच ठाऊक. शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल ठेवली आणि चुका दुरुस्त कराव्यात, अशी पाटी लावली.

संध्याकाळपर्यंत सत्तावीस दुरुस्त्या झाल्या. दुपारी दोनच्या रकान्यात कोणीतरी ‘पत्त्यांचा डाव’ लिहिले आणि त्याखाली दुसऱ्याने ‘पैसे लावून’ असे जोडले. तिसऱ्या पाळीच्या रंगावर एका आत्यांनी लिहिले की परीक्षेच्या दिवसांत मुले जिन्याच्या दिव्याखाली अभ्यास करत आणि तिथे झोपणाऱ्या रात्रपाळीवाल्यांना उठवून दुसरीकडे पाठवले जाई. जून १९७० च्या आसपास रात्री गॅलरीत कोणी झोपत नसे, अशी एक नोंद आहे. त्या महिन्यात परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला होता. नोंद करणाऱ्याने अक्षर मुद्दाम वेगळे काढले आहे आणि मी ते ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही.

भोंगा काढून दाखवणारे काका शेवटी आले. बराच वेळ सकाळी सातच्या रेघेपाशी उभे राहिले, मग पेन्सिल घेऊन सातच्या थोडे मागे एक बारीक उभी खूण केली. ही कसली, असे विचारले तेव्हा म्हणाले की पहिला भोंगा सातला होत नसे; त्याआधी एक इशाऱ्याचा व्हायचा आणि माणूस त्यावर उठायचा. सातचा झाला तेव्हा दरवाजात असायला हवे होते. एवढी महत्त्वाची गोष्ट आम्ही जवळजवळ दहा महिन्यांत विचारलीच नव्हती. कितीला होई, हे त्यांना मिनिटात सांगता आले नाही. खूण त्यांनी डोळ्यांनी अंदाज करून, दोनदा खोडून, तिसऱ्यांदा पक्की केली. आरेखकांनी पट्टी लावून पाहिली; मापाप्रमाणे ती सहा वाजून बत्तीस मिनिटांवर येते. तशीच ठेवली आहे.

पुढील रविवारी तक्त्याची छायाचित्रे काढायची. भिंतीवरच्या खुंट्या काढताना त्यांची ओळ आणि अंतर बिघडू नये, म्हणून त्या फळीसकट काढता येतील का, हे सुताराला विचारायचे आहे.